कुमुदमावशीचं ‘येते’

कुमुदमावशी मुलुंडच्या एका दवाखान्यात नर्स. बाहत्तर साली चांगली हक्काची रजा टाकून ती नेपाळात डोळ्यांच्या शिबिरात फुकट राबायला गेली. परत निघताना बसचं भाडं वाचवायला म्हणून बाई चक्क बटाट्याच्या ट्रकमध्ये चढल्या!

डोळ्यांची पट्टी सुटलेल्या म्हाताऱ्या तिला निरोप द्यायला ट्रकपाशी आल्या होत्या. निघताना आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, म्हणून मावशी तिच्या मुलुंडी हिंदीत म्हणाली, “आती हूँ हां!”

म्हाताऱ्यांना ते खरंच वाटलं. एकीने तिचा हात धरून विचारलं, “कब?”

तेवढ्यात ट्रक सुटला.

घरी तिने हा किस्सा सांगितला तेव्हा मी म्हटलं, “अगं, सरळ ‘जाती हूँ’ म्हणायचं ना! आता बसतील बिचाऱ्या वाट बघत.”

मावशी भडकली. “जाते कशी म्हणू? मेलेय का मी?”

पुढच्या वर्षी तिने पुन्हा रजा टाकली. वळकटी काखेत मारून आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “येते गं.”

मी तिचा हात धरला आणि विचारलं, “कब?”