नानांचा पितळी ड्रम आणि आबांचा कोट

बँडमध्ये असलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप कपड्यांना चिकटतात. लग्नातल्या गुलालासारखे! कितीही झटका, घरी गेल्यावर खिशातून थोडे निघतातच. माझं एरंडोलला झेरॉक्सचं दुकान आहे, पण लग्नसराई लागली की मी शटर ओढतो आणि आबांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. दुकानात येणारी गिऱ्हाइकं आधारकार्डाची झेरॉक्स मागतात आणि जाताना म्हणतात, “तो नानांचा ड्रमवाला सांगा ना परत!”

तर सांगतो. बसा.

* * *

आधी आबा. आबा म्हणजे बँडचे मालक. ट्रम्पेट वाजवतात आणि जगात त्यांचा एकच नियम आहे: अंगावर ड्रेस नाही, तर वाद्याला हात नाही. लाल कोट, सोनेरी झालर, टोपी, काळे बूट. यातलं एक जरी कमी असलं तरी मालकाचा मुलगा असो की जावई, त्यानं बँडच्या मागून चालायचं.

मी नवीन असताना एकदा घाईत चपला घालून वरातीला गेलो. आबांनी माझ्या पायांकडे पाहिलं, क्लॅरिनेटकडे पाहिलं आणि मागे बोट दाखवलं. अख्खी वरात मी बायकांच्या घोळक्यामागून क्लॅरिनेट काखेत धरून चाललो. नवरदेवाच्या आत्यानं मला पाहुणा समजून विचारलं, “भाऊ, तुम्ही नवरीकडचे का?”

तेव्हापासून मी बूट घालून झोपायचा तेवढा बाकी आहे.

* * *

आता नाना. नाना म्हणजे आमचा साईड ड्रम. गळ्यात अडकवायचा, खालच्या चामड्याच्या पानाला तारा ताणलेल्या, वर काड्या पडल्या की तडतडणारा. नानांचा जुना ड्रम लोखंडी होता आणि तो खालून गंजत गंजत आला होता. वाजवला की नानांच्या पांढऱ्या पँटीवर तांबूस भुगा पडायचा. नाना म्हणायचे, “आपला ड्रम हळद लावस!”

आबांचा मुलगा पिंटू तेव्हा मोबाईलवर एक इलेक्ट्रॉनिक पॅड पाहून आला होता. बटण दाबलं की ढोल, बटण दाबलं की ताशा, बटण दाबलं की साईड ड्रम. त्याचं म्हणणं, नवा ड्रम घ्यायचाच कशाला? पॅड घेऊ. नानांना आता आराम देऊ.

नानांना आराम! म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. नानांनी काड्या पिशवीत घातल्या. शेवटी आबा म्हणाले, “परवडेल असा पितळी ड्रम शोधा. पितळेचा आवाज लांब जातो. बोदवडच्या लग्नापर्यंत सापडला तर ठीक, नाहीतर पिंटूचा पॅड.”

घरी जाताना नाना माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. एरंडोलच्या फाट्यापर्यंत गंजका ड्रम मांडीवर धरून होते. मला फार वाईट वाटलं. मी ठरवलं, पितळी ड्रम आणायचाच.

* * *

मी आधी मोबाईलवर शोध घेतला. एकेका ड्रमचे व्हिडिओ लावून नानांच्या कानाशी धरले. “नाना, हा कसा? आणि हा?” नानांनी सगळे शांतपणे ऐकले.

“बठ्ठा सारखाच गोड वाजतस.”

“मग कुठला मागवू?”

“एक बी नको. मोबाईलमा तं आबा बी गोड बोलस!”

* * *

मग जळगाव. तिथल्या दुकानदारानं झळझळीत ड्रम काढून काउंटरवर ठेवला. “प्युअर पितळ! आणि तुमच्यासाठी एकदम स्वस्त.”

नानांनी खिशातून काळी चकती काढली. आमच्या जळालेल्या भोंग्यातलं लोहचुंबक! ड्रमजवळ नेलं मात्र, टक्‌कन चिकटलं. आतून सगळं लोखंड, वर पितळेचं पाणी. चिकटलं ते असं की ओढून निघेना. नाना ओढतायत, दुकानदार ड्रम धरून बसलाय!

दुकानदार काही कच्चा नव्हता. म्हणाला, “काका, पितळेत थोडं लोखंड टाकावंच लागतं. मजबुतीसाठी.”

नाना म्हणाले, “मंग दूधमा पानी बी मजबुतीसाठेच टाकतस का?”

आम्ही चहा पिऊन निघालो. चहाचे पैसे मात्र दुकानदारानंच दिले.

* * *

धुळ्याचा किस्सा मी नेहमी उभं राहून सांगतो, कारण त्यात उभं राहण्याचाच घोटाळा आहे.

धुळ्याच्या दुकानात एका कोपऱ्यात पितळी ड्रम होता. कुठल्याशा शाळेच्या बँडनं परत केलेला. बाजूला चांगला वाटीएवढा पोचा, म्हणून किंमत आमच्या आवाक्यात. चुंबक लावलं, चिकटलं नाही. टिचकी मारली, कितीतरी वेळ घुमत राहिला. नानांनी ड्रम गळ्यात अडकवला, काड्या घेतल्या आणि वाजवायला सुरुवात केली.

जमेना! हात अडखळले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. नानांना घाम फुटला. “उभं ऱ्हाईसन मना हात चालत नही,” नाना पुटपुटले.

खरंच होतं. जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं. पाय चालल्याशिवाय हात चालणार कसे? म्हणून नानांनी दुकानातल्या दुकानात एक पाऊल टाकलं. मग दुसरं. हात सुटला! सुटला तो असा की नाना दाराबाहेर, फुटपाथवर, आणि डोळे मिटून सरळ रस्त्यानं!

दुकानदार मागे पळत सुटला. “अहो काका! पैसे! पैसे!” लोकांना वाटलं वरपक्षाचा माणूस पैसे उधळायला धावतोय. दोन रिक्षावाले उतरून नाचायला लागले. एका लस्सीवाल्यानं तर नानांवरून नोट ओवाळली! नाना थेट एस.टी. स्टँडपाशी थांबले, तेही समोर बस आडवी आली म्हणून.

दुकानदार धापा टाकत पोचला. मला वाटलं आता पोलीस. तो म्हणाला, “काका, हा घेऊनच जा. पोच्याचे आणखी थोडे कमी करतो. पण दुसरा ट्राय करू नका!”

* * *

ड्रम नानांच्या घरी आला. नानांनी पानं आणि तारा काढून नुसतं पितळी कडं ओसरीवर ठेवलं आणि तेल आणायला गेले. परत आले तर त्यांच्या घरच्या, आमच्या काकू, चिंच आणि राख घेऊन ते घासत बसल्या होत्या. वरची सगळी पॉलिश साफ! शेजारी घासलेले दोन हंडे, त्यांच्या मधोमध आमचा ड्रम.

नाना जागच्या जागी बसले. काकू म्हणाल्या, “पितळनाच शे ना? मंग चिंच लावी तं काय बिघडनं?”

नानांनी संध्याकाळी पानं चढवली, तारा कसल्या आणि ओसरीवरच चालत चालत वाजवलं. आवाज आधीपेक्षा मोकळा! मग आत वळून म्हणाले, “कानबाईना सनले परत घासजो!”

* * *

आमच्याबरोबर वरातीला गफूरचाचांची घोडी असते. राणी तिचं नाव. साईड ड्रमचा ठेका पडला की राणी नाचते, ठेका थांबला की राणी थांबते. नवा ड्रम तिला आवडतो की नाही, म्हणून आम्ही तो चाचांच्या तबेल्यापुढे नेला. नाना दारावरून वाजवत गेले आणि आले. राणीनं कडबा सोडला, मान वर केली आणि पुढचा पाय आपटला.

चाचा म्हणाले, “पास!”

पण पिंटूला ते कुठे मान्य? “घोडी काय ठरवणार?” आबांनी दोघांचं मन राखलं. बोदवडच्या लग्नात जाताना पॅड, येताना ड्रम. मग ठरवू.

* * *

आता बोदवड.

ड्रेस आमच्याकडे मोजकेच. म्हणून नानांचा कोट त्या दिवशी पिंटूनं घातला. नाना पांढऱ्या पायजम्यात आणि काळ्या बुटांत आले, ड्रम पिशवीत, आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसले. आपल्या कोटाकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

वरात निघाली. पिंटूनं भाड्यानं आणलेल्या, हातगाडीवरच्या पॅडवर बटण दाबलं. आवाज जोरदार! पोरं नाचायला लागली. राणी मात्र टपरीसमोर आली आणि उभी राहिली. चाचांनी लगाम ओढला, गूळ दाखवला, शिव्या दिल्या. पिंटूनं सगळी बटणं दाबून पाहिली. राणी हलेना. वर नवरदेव घामाघूम, मागे ट्रक हॉर्न मारतोय, नवरीकडून मुहूर्तासाठी फोनवर फोन.

चाचा ओरडले, “आबा, पॅड लेना है तो घोडी भी बॅटरीवाली ले लो!”

पिंटू टपरीकडे धावला. “नाना, वाजवा ना!”

नानांनी बशीतला चहा संपवला. “पॅडले सांग.”

मग आबा स्वतः आले. नाना उठून उभे राहिले, पण काड्यांना हात लावला नाही. हळूच म्हणाले, “आंगवर ड्रेस नही, आबा. तुनाच नियम शे.”

पिंटू घाईघाईनं नानांच्या कोटाची बटणं सोडायला लागला. आबांनी त्याला हातानंच थांबवलं. ट्रम्पेट काखेत धरलं, स्वतःचा कोट काढला, मालकाचा, दुहेरी झालरीचा, आणि नानांच्या अंगावर चढवला. स्वतःची टोपी नानांच्या डोक्यावर ठेवली. वरची गुंडीही स्वतःच लावली.

नानांनी ड्रम गळ्यात घेतला आणि एक पाऊल टाकलं. राणीनं मान उचलली. मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, पण माझे डोळे इतके भरले होते की पहिली फुंक वायाच गेली. वरात अशी निघाली की ट्रकवालासुद्धा खाली उतरून नाचला!

नवरीच्या मांडवाशी पोचलो. नवरीचा मामा स्वागताला पुढे आला, बँडच्या मागे पाहून थबकला आणि चाचांना विचारलं, “ते बायकांच्या मागून बनियनवर येताय, ट्रम्पेट काखेत घेऊन, ते कोण?”

चाचा म्हणाले, “मालिक हैं. आज ड्रेस नहीं लाये!”