भावकीतला स्मिथ

आमचं मूळ आडनाव लोहार. पासपोर्टवर मात्र ते कधी आलं नाही. बाबा दुबईकडे यायला निघाले त्याच्या आधीच थोरल्या काकांनी राजपत्रात छापून सगळ्या घराचं आडनाव बदलून घेतलं होतं. गावाच्या नावाला 'कर' लावलं की माणूस कुठला ते कळतं, काय करणारा ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबांना कुणी विचारलं नव्हतं.

बाबा शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेटं आणि जिन्यांचे कठडे करत. मी दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ग्रंथालयात मला इंग्रजी आडनावांवरचं एक पुस्तक मिळालं आणि एका शुक्रवारी जेवण झाल्यावर मी बाबांना त्यातलं स्मिथ मराठीत सांगितलं. स्मिथ म्हणजे धातू घडवणारा, लोखंड ठोकणारा. गावोगावी भट्टी असायची, भट्टीवाल्याला लोक कामावरूनच ओळखायचे. म्हणून आज इंग्लंडात सगळ्यांत जास्त माणसं याच आडनावाची.

"म्हणजे लोहारच की," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "आणि त्यांनी बदललं नाही?"

"नाही."

बाबांच्या वर्कशॉपमध्ये काम तपासायला येणारा गोरा इंजिनियर स्मिथच होता. तेव्हापासून तो आमच्या घरात भावकीतला झाला.

"आज भावकीतला आला होता. वेल्डिंग बघून खूश."

"मग बोलवा की दिवाळीला," आई म्हणायची. "चकल्या खाईल आणि जमिनीत वाटा मागेल."

हसणं ओसरलं की बाबा हळूच म्हणत, "या सुट्टीत आपलं आडनाव परत लावून घेतो."

"हिचं लग्न होऊ द्या आधी. सोयरिकीत विघ्न नको," आई म्हणायची.

माझं लग्न झालं. त्या वर्षी कंपनीनं सुट्टी दिली नाही. पुढच्या वर्षीचं तिकीट काढायच्या आधीच ते वर्कशॉपमध्ये छातीत कळ येऊन गेले.

त्यांना गावी न्यायचं होतं. शवागाराबाहेर पेटी ठेवली होती आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर काकांनी निवडलेलं आडनाव होतं. आईनं एकेक अक्षर लावत ते वाचलं. त्यावरून अंगठा फिरवला, निघतंय का बघावं तसा.

तेवढ्यात पिकल्या केसांचा एक उंच गोरा माणूस टोपी हातात घेऊन आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अडखळत त्यानं इंग्रजीत विचारलं, हे मिस्टर लोहार यांचं कुटुंब का?

आईला इंग्रजी येत नव्हतं. तो एक शब्द तिला कळला. ती उठून उभी राहिली.

"हो म्हण," ती मला म्हणाली. "म्हण ना."

मी काही म्हणायच्या आत तीच पुढे झाली.

"यस," ती म्हणाली. "लोहार."