चुलतभावांचा तिसरा अल्बम

माझ्या धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी मोडलं. रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. पोहे अजून गरम होते.

आता कुणी म्हणेल, सख्खा भाऊ असं का करेल? मानपानावरून? पत्रिकेवरून? छे! एवढं सरळ कारण असतं तर मी आज ताठ मानेने सांगितलं असतं. मी ते मोडलं एका अमेरिकन बँडच्या तिसऱ्या अल्बममधल्या, दुसऱ्या बाजूच्या, चौथ्या गाण्यावरून.

बँडचं नाव कॉर्नफील्ड कझिन्स. म्हणजे मक्याच्या शेतातले चुलतभाऊ! (आमची आई त्यांना नुसतं 'चुलतभाऊ' म्हणायची. "अविनाश, तुझे चुलतभाऊ बंद कर, माझी सिरियल लागलीय.") सत्तरच्या दशकातली ही कंट्री रॉकवाली मंडळी. गिटार, बँजो, फिडल आणि गाणी सगळी गावाकडची. नव्वदच्या दशकात अख्ख्या नाशकात त्यांचे चाहते तीन: मी, बँकेतला बापट आणि ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारा सोनवणे. तीन मराठी माणसं एका आवडीने एकत्र आली की जे होतं तेच झालं, आम्ही मंडळ काढलं. मी अध्यक्ष, बापट उपाध्यक्ष, सोनवणे कार्याध्यक्ष. साधा सभासद एकही नव्हता, त्यामुळे बैठकीत ऐकून घेणारं कुणी नसायचं.

दर रविवारी सकाळी नऊला सिडकोतल्या आमच्या घरी, आतल्या खोलीत बैठक भरायची. तिथे काकांनी मस्कतहून आणलेला दोन कॅसेटांचा डेक होता. चुलतभावांच्या तिन्ही कॅसेटा मला जुन्या बाजारात मिळालेल्या, बिनकव्हरच्या. गाण्यांची नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत. म्हणून आम्ही सातबाऱ्याच्या गटासारखे नंबर पाडले होते. 'तीन-ब-चार' म्हणजे तिसरा अल्बम, ब बाजू, चौथं गाणं. डाव्या खणात मूळ कॅसेट, उजव्या खणात कोरी, अशा कॉप्या करून मीच दोघांना दिल्या होत्या. मूळ कॅसेटला हात लावायचा अधिकार फक्त अध्यक्षांचा.

नऊ वर्षं आम्ही त्या तीन कॅसेटांवर बोललो!

"पहिला अल्बम कच्चा आहे," बापट म्हणायचा.

"दुसऱ्यात तडजोड केलीय त्यांनी," सोनवणे म्हणायचा.

"आणि तिसऱ्यात?" मी विचारायचो. (उत्तर ठरलेलं होतं.)

"तिसऱ्यात विरक्ती!" दोघं एका सुरात.

तीन-ब-चार हा तर विरक्तीचा कळस. संथ, जड, ओढत नेल्यासारखं. गाणारा विहिरीच्या तळातून गातोय असं वाटायचं. शब्द फार थोडे लागायचे: 'रेड', 'फादर' आणि 'वोंट स्टार्ट'. सोनवणे चष्मा काढून उलगडून सांगायचा, "लाल म्हणजे मावळता सूर्य. फादर म्हणजे गेलेला बाप. आणि जे सुरूच होणार नाही, ते म्हणजे आयुष्य!" बापट डोळे पुसायचा. मी या एका गाण्यावर फुलस्केपची बावीस पानं लिहिली होती. शीर्षक, 'मातीचा शोक'. माती म्हणून आजवर मी फक्त तुळशीच्या कुंडीला हात लावला होता, तोही आई गावाला गेली की.

माझी बहीण शैला मात्र खरोखर मातीतली. द्राक्षबागांची माती आणि वेलीचे देठ तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती नोकरीला होती. चार स्थळं तिने सरळ नाकारली होती. पाचवं तिने स्वतःच आईला सुचवलं. संदीप, दिंडोरीचा, शेतकी पदवीधर, घरची द्राक्षबाग. देठ तपासायला घेऊन यायचा. पुढे पुढे देठ निरोगी असले तरी यायला लागला.

आदल्या दिवशी शैला माझ्यासमोर येऊन बसली.

"दादा, उद्या साडेअकराला संदीप आणि त्याच्या आई येतायत. मला तो आवडलाय. खरंच आवडलाय. हे हातचं गेलं तर मी दुसरं कुणी बघणार नाही."

"अरे वा! छान!"

"तू एकच कर. तासभर गप्प बस."

"मी बोलतो कुठे?"

"आणि मंडळ रद्द कर."

"अगं, उद्या तीन-ब-चार आहे!"

तिने हात जोडले. शेवटी दहाला बैठक संपवायची असं ठरलं. वडील गेल्यापासून घरचा कर्ता मी आहे, असं माझं मत होतं, त्यामुळे एवढी सवलत मी दिली.

पण बागायतदाराला साडेअकरा म्हणजे निम्मा दिवस गेलेला. मायलेक साडेदहालाच दारात! बापट आणि सोनवणे आत बसलेलेच होते. (दहाला बैठक संपली होती, पण उपाध्यक्षांचं आभारप्रदर्शन बाकी होतं.) आईने दोघांना दबक्या आवाजात दम भरला, "आवाज करायचा नाही!" आणि दार ओढून घेतलं. मी कॉलर नीट करून बाहेर येऊन बसलो. तोंड मिटून.

"आमचा अविनाश फार शांत," आई म्हणाली.

आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून हळूहळू आवाज येऊ लागला. "ऊऊऊ... रेऽऽऽड..."

संदीपच्या आई दचकल्या. "आत कुणी आजारी हाय का?"

"छे हो," आई गडबडीत म्हणाली, "ते चुलतभाऊ!"

"चुलतभाऊ आजारी हायेत? अगं बया! मग आम्ही पुढच्या आठवड्यात आलो असतो की!"

संदीपने मान तिरकी केली. "थांब आई. हे कझिन्स आहेत ना? कॉर्नफील्ड कझिन्स?"

मी खुर्चीतून उठलोच. नऊ वर्षांत चौथा माणूस!

"तुम्ही ऐकता?"

"तिन्ही अल्बम आहेत माझ्याकडं. आमच्या बागेत छाटणी शिकवायला एक ऑस्ट्रेलियाचा माणूस यायचा, जाताना देऊन गेला. ट्रॅक्टरवर दुसरं काही लावतच नाही मी."

मी त्याला मिठी मारली. नेमकी तेव्हाच शैला पोहे घेऊन बाहेर आली. मुलगा आणि भाऊ गळ्यात गळे घालून उभे! तिचा चेहरा असा काही उजळला की सांगता सोय नाही. तिथेच मी मूग गिळून बसलो असतो, तर मीच सगळ्यात शहाणा भाऊ ठरलो असतो.

पण नाही! मी संदीपला बशीसकट आतल्या खोलीत नेलं आणि मंडळापुढे उभं केलं.

"पहिल्या अल्बमबद्दल आपलं काय मत?" बापटने मुलाखत सुरू केली.

"मस्तय."

"कच्चा नाही वाटत?"

"कच्ची द्राक्षं असतात. गाणी कसली कच्ची?"

सोनवण्याने माझ्याकडे सूचक बघितलं. मी विषय थेट तिसऱ्यावर आणला. "हे आत्ता चाललंय ते. यावर मी बावीस पानं लिहिलीयत. काय जाणवतं तुम्हाला? विरक्ती ना?"

"विरक्ती?" संदीप हसायलाच लागला. "अहो दादा, ऐन लग्नाच्या दिवशी बापाचा लाल ट्रॅक्टर सुरू होत नाही, म्हणून अख्खं वऱ्हाड त्याला धक्का मारतंय, असं गाणं आहे ते. लय भारी नाचायचं गाणं! पण तुमच्याकडं हे एवढं हळू का लागलंय?"

"हीच मूळ गती आहे," सोनवणे कडक आवाजात म्हणाला.

"कसली मूळ गती! आतला पट्टा ढिला पडलाय. आमच्या फवारणी पंपाचा पडतो तसा."

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून डेकची डावी बाजू उघडलीसुद्धा. सैल पट्टा बाहेर काढला, इकडेतिकडे बघितलं, आणि पोह्यांवरच्या शेवेच्या पुडीचं रबर तिथे चढवलं. बटण दाबलं.

काय सांगू! विहिरीतला तो माणूस टुणकन उडी मारून काठावर आला. बँजो उधळला, फिडल किंचाळलं, मागे दहा-बारा माणसं टाळ्या वाजवत ओरडायला लागली. 'वोंट स्टार्ट! वोंट स्टार्ट!' शब्द न् शब्द स्पष्ट. अगदी शेवटी भुर्रकन ट्रॅक्टर सुरूही झाला!

संदीपच्या आई बशी घेऊन दारात आल्या. त्यांचा पाय ताल धरत होता. "आता कसं बरं वाटतंय! उठले वाटतं चुलतभाऊ!"

नऊ वर्षं! बावीस पानं! मी आधारासाठी बापटकडे पाहिलं, तर ज्याने या गाण्यावर नऊ वर्षं रुमाल भिजवले, तो बापट तालावर खांदे उडवत होता! तेव्हा माझा तोल गेला.

"बंद करा! तुमची कॅसेट डिफेक्टिव्ह आहे!"

"दादा," संदीप शांतपणे म्हणाला, "ही तुमचीच कॅसेट आहे."

आणि उत्तर नसलं की मी घरचा कर्ता होतो. मी हात वर करून जाहीर केलं, "ज्या माणसाला विरक्ती कळत नाही, त्याच्या घरात माझी बहीण जाणार नाही! हे लग्न होणार नाही!"

सव्वाअकरा.

संदीपच्या आईंनी बशी खाली ठेवली. "विरक्ती कळत नाय म्हणून नकार? अवो, तो लग्न करायला आलाय, संन्यास घ्यायला नाय! चल रे संदीप." आणि दोघं गेली. जाताना संदीपने शैलाकडे एकदा वळून बघितलं.

शैला चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी होती.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं भिंतीपलीकडे तो माणूस कण्हतोय आणि मी इकडे अभ्यास करतेय. परीक्षा दिल्या, नोकरी लागली, तरी हा कण्हतोच आहे. आज एका माणसाने पाच मिनिटांत त्याला बरं केलं, आणि तू त्यालाच घराबाहेर काढलंस."

मग तिला रडू फुटलं. चार स्थळं हसत नाकारणारी माझी बहीण ट्रे हातात धरून रडत होती, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना. बापट आणि सोनवणे चपला हातात घेऊन मागच्या दाराने कधी सटकले ते कळलंही नाही.

"स्कूटर काढ," आई म्हणाली. "दिंडोरी."

"आत्ता? जरा त्यांचा राग शांत..."

"अव्या, स्कूटर काढ!"

दिंडोरीपर्यंत आई मागे बसून बोलत होती. वारा असल्याने निम्मंच ऐकू आलं, पण तेवढंही पुष्कळ होतं. पोचलो तर संदीपच्या आई ओट्यावर बसलेल्या.

"काकू, चुकलं माझं."

"कशात?"

"बोलण्यात."

"आनिक?"

"कॅसेटीत."

"आनिक?"

"नऊ वर्षं चुकलंच, काकू. माझी शिक्षा तिला देऊ नका. तिचा खरंच जीव आहे संदीपरावांवर."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "पोरगी गुणाची हाय. भाऊ असा निघाला, त्यात तिचा काय दोष? बसा. पोहे अर्धेच टाकून आले मी, आता चहा तरी धड घेऊ."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात हात पुसत बागेतून संदीप आला. "दादा, ती बावीस पानं मला द्याल का?"

मी भारावलो. "वाचायची आहेत तुम्हाला?"

"दुपारच्या सुट्टीत मजुरांना वाचून दाखवतो. लय हसतील."

दिली. बहिणीसाठी माणूस काय काय देतो!

माल निघाल्यावर, मे महिन्यात लग्न झालं. बँडवाल्यांना संदीपने कॅसेट आधीच पोचवली होती, त्यामुळे वरातीत क्लॅरिनेटवर तीन-ब-चार वाजलं आणि उपाध्यक्ष बापट सगळ्यात पुढे रुमाल तोंडात धरून नाचले. मी नाचलो नाही. मी कानपिळीची वाट बघत होतो. होमाच्या वेळी नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, हा आपला जुना रिवाज. सगळा अपमान सव्याज परत करायची शास्त्रशुद्ध संधी! मी बाह्या सरसावल्या, संदीपचा कान पक्का धरला, आणि आता पिरगाळणार, तोच मुंडावळ्यांच्या आडून शैलाचा आवाज आला. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"दादा, कान चुकीचा धरलायस!"

मांडव हसला. संदीपच्या आई तर पदर तोंडाला लावून हसल्या. माझी बहीण एवढी खुशीत मी कधी पाहिली नव्हती. भटजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "कुणाचा का असेना, पिळा लवकर. पुढचा विधी खोळंबलाय."

मी संदीपचा कान सोडला आणि पिळला. माझाच.