आमच्या घरातलं उष्टं

बाबा पोटाच्या कर्करोगाने गेले. दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर म्हणाले, घरातल्यांनी रक्त तपासून घ्या. जठरात एक जंतू राहतो. शरीर त्याच्याशी लढलेलं असेल तर रक्तात खुणा सापडतात. माझ्यात भरपूर सापडल्या. आईने दंड पुढे करायलाच नकार दिला.

“हा येतो कुठून?” तिने डॉक्टरांना विचारलं.

“बहुतेक लहानपणी, घरातच. तोंडातून तोंडात, उष्ट्यातून. पण आजार त्यानेच झाला, असं मी म्हणत नाही.”

शेवटचं वाक्य आईने ऐकलंच नाही. आम्ही तंजावरचे मराठी. पेल्याला ओठ लागला की पेला बाटला. पाणी वरून घशात ओतायचं. मी हे मुळाक्षरांच्या आधी शिकले, ठसके खात. आता माझ्या रिपोर्टच्या कागदात आईला एवढंच दिसलं: बाबा आपल्या स्वयंपाकघरामुळे गेले. तिने चूल बंद केली. सोवळ्याची ही महाराणी कोपऱ्यावरच्या मेसमधली इडली खाऊ लागली.

मी चौदा दिवस गोळ्या गिळल्या. तोंडाला गंजलेल्या नळाची चव. मग आईने मला ‘शुद्ध’ रिपोर्ट आणायला आधी रक्त दिलं होतं त्याच मैलापूरच्या लॅबमध्ये पाठवलं. खुणा होत्या तशाच!

डॉक्टर माझ्यावरच चिडले. “रक्त पुन्हा तपासायला कोणी सांगितलं? जंतू मेला तरी त्या खुणा कित्येक महिने जात नाहीत. मेला की नाही, ते शौचातून कळतं.”

तेव्हा मी, साहित्यात एम.ए., झाकणाची डबी प्रसादासारखी मांडीवर धरून बसने गेले. शेजारी बसलेल्या एका अनोळखी मामींनी आदराने सरकून जागा दिली. जंतू मेला होता.

“मेला ते ठीक,” आई म्हणाली. “आला कसा?”

तिचा चेहरा बघवेना. मी बाबांची चहाडी केली. “तू पूजेला बसलीस की बाबा मला त्यांच्या पेल्यातली कॉफी द्यायचे. शेवटचा घोट. ओठ लावलेला. आईला सांगू नकोस म्हणायचे.”

आईने मोडलेला इडलीचा तुकडा पुन्हा ताटलीत ठेवला.

“लबाड माणूस,” ती म्हणाली. “दुपारची मला द्यायचे. पोरीला कळू देऊ नकोस म्हणायचे.”

मग तिने इडली बाजूला सारली, चूल पेटवली आणि पाठमोरीच विचारलं, “रक्त द्यायला उपाशी जावं लागतं का गं?”