रणगाड्याच्या पाठीवरचा फोन

“रघू, दोघांना तुझ्या त्या रणगाड्यात बसव. आणि आत काय बोलतात ते मला बाहेर ऐकू आलं पाहिजे. जमेल ना?”

हे माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, मोबाइलवर म्हणाली. मी तेव्हा त्याच रणगाड्याच्या मागे उकिडवा बसून वायर सोलत होतो. मोबाइल मान वाकडी करून खांद्यावर धरलेला. अशा अवस्थेत माणूस कशालाही “सरी”, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’, म्हणतो. मीही म्हणालो.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. मी इलेक्ट्रिकलचा माणूस. कारखान्यातून रिटायर झाल्यावर बेंगळूरमध्ये येलहंकाच्या पलीकडे एका खासगी म्युझियममध्ये लागलो. तिथे जुन्या लष्करी गाड्या आहेत. जीपा, ट्रक, तोफा ओढणाऱ्या गाड्या आणि आमचा लाडका रणगाडा. त्यांचे दिवे, वायरिंग, भोंगे जिवंत ठेवायचं काम माझं. घरात मात्र सगळे सांगतात, रघू कुठल्याशा गॅरेजमध्ये जातो.

म्युझियमचं वर्षातून एकदा ओपन हाऊस असतं. त्या दिवशी कुटुंबासकट कुणीही या, गाड्या बघा, बसा, फोटो काढा. अक्काने नेमका तोच दिवस हेरला होता. तिची मुलगी मेघना व्हाइटफील्डला नोकरी करते. तिने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांना साफ नकार दिला होता. म्हणून अक्काने ‘सहज भेट’ ठरवली. सर्जापूर रोडचा निखिल, त्याचे आईवडील आणि आम्ही, सगळे म्युझियम बघायला सहज येणार आणि रणगाड्यापाशी सहज भेटणार. रणगाड्यापाशी सहज भेटलेली माणसं मी तरी अजून पाहिली नव्हती.

आता रणगाड्यावरच्या फोनबद्दल. जुन्या काही रणगाड्यांच्या पाठीवर एक लोखंडी पेटी असते आणि पेटीत टेलिफोनचा रिसीव्हर. रणगाड्यामागून चालणाऱ्या पायदळाच्या सैनिकाला आतल्या लोकांशी बोलायचं झालं तर तो हा रिसीव्हर उचलायचा. आत इंजिनचा एवढा गोंगाट की बाहेरून कितीही बोंबललं तरी आत कळणार नाही. आमच्या रणगाड्याचा मूळ सेट कधीच मेला होता, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. मी पेटी आणि रिसीव्हर जुनेच ठेवले आणि आत एक छोटा अॅम्प्लिफायर, माइक आणि स्पीकर बसवला. रिसीव्हरच्या दांड्यावर एक बटण आहे, त्याला प्रेसल स्विच म्हणतात. दाबलं की तुमचा आवाज आत जातो. सोडलं की आतला आवाज तुम्हाला ऐकू येतो. एका वेळी एकच बाजू. दाबून धरलंत तर आतले लोक गळा काढून रडले तरी तुम्हाला पत्ता नाही.

मेजरसाहेब आमचे बॉस. रिटायर्ड असले तरी मिशा अजून ड्युटीवर आहेत. ते दिवसातून चारदा यायचे.

“इज इट वर्किंग?”

“सर, हम येतोय.”

हम म्हणजे स्पीकरमधून येणारी भुणभुण. आइस्क्रीमवाल्याच्या जनरेटरची ट्रायल घेतल्यापासून ती सुरू झाली होती. मी अर्थिंगची वायर दुसरीकडे नेली, हम गेला. मग बटण अडकायला लागलं. एकदा दाबलं की वर येईना. स्प्रिंग म्हातारी झालेली. मी नवी, चांगली ताठ स्प्रिंग घातली. आता अंगठा उचलला की बटण टणकन वर.

“संध्याकाळी चीफ गेस्ट त्यावर बोलणार,” मेजर म्हणाले. “त्याआधी प्रॉपर ट्रायल घ्या. आत दोन माणसं, बाहेर एक.”

“माणसं आहेत सर,” मी म्हणालो. “घरचीच आहेत.”

त्याच संध्याकाळी मेघनाचा फोन आला.

“मामा, मला त्या मुलाला भेटायला हरकत नाही. पण त्याच्याशी थोडा वेळ असं बोलायचंय की कुणाचे कान नसतील. देशील मिळवून?”

“सरी,” मी म्हणालो. आईलाही सरी आणि लेकीलाही सरी.

फोन ठेवल्यावर मात्र मला पोरीचं वाईट वाटलं. लहानपणापासून तिच्या वाटचं सगळं अक्काच बोलत आली. डॉक्टरने मेघनाला विचारलं, बाळ कुठे दुखतंय, तरी उत्तर अक्का द्यायची. आता लग्नाच्या बाबतीतही तेच चाललं होतं. अक्का वाईट नाही हो. जीव टाकते पोरीवर. फक्त बोलता बोलता तिला कुणी श्वास घेताना पाहिलेलं नाही.

ओपन हाऊसच्या सकाळी अक्का पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, भलामोठा डबा पिशवीत घालून हजर. मेघना जीन्स-कुर्त्यात. मग सर्जापूर रोडची पार्टी आली, ट्रॅफिकला शिव्या देत. निखिल उंच, जरा बुजलेला. त्याची आई मंदाताई अस्सल पुण्याच्या. अक्काने “या, स्वल्प सावलीत या” म्हटलं तर त्या निखिलकडे वळून म्हणाल्या, “ह्यांचं मराठी किती वेगळं आहे नाही?” तीनशे वर्षांपासून बेंगळूरमध्ये मराठी टिकवून धरलेल्या घरातली माझी अक्का फक्त हसली. त्या हसण्याचा अर्थ मला ठाऊक आहे. मी एक पाऊल मागे सरकलो.

पुरुषमंडळी जीपमध्ये बसून फोटो काढायला गेली. मी मेघना आणि निखिलला शिडीवरून रणगाड्यात उतरवलं. आत इंजिन बंद, बॅटरी काढलेली, तोफ कुलूपबंद, फक्त बाहेरच्या लाइनवर चालणारा माझा दिवा आणि स्पीकर. वरचं झाकण अर्धवट लोटलं आणि मी झाकणाशी बसलो. आत कुणी असेल तर वर एक माणूस बसलाच पाहिजे, असा आमचा नियम आहे.

खाली, रणगाड्याच्या पाठीशी अक्का आणि मंदाताई. पेटीच्या बाजूला मी स्वतः रंगवलेला बोर्ड होता, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: बोलायला दाबा, ऐकायला सोडा. अक्काने हातातली जड पिशवी अडकवायला खुंटी शोधली. नाही मिळाली. तिने ती पिशवी बोर्डावर अडकवली.

मी वरून बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

अक्काने रिसीव्हर कानाला लावला आणि बटण गच्च दाबलं. तिच्या हिशेबाने दाबल्याशिवाय काही चालू होत नाही. अंगठा चांगला मजबूत आहे तिचा, जन्मभर पोळ्या लाटल्यात. माझ्या नव्या स्प्रिंगची काय टाप!

“काही ऐकू येतंय का?” मंदाताईंनी विचारलं.

“काहीच नाही. गप्प बसलेत.”

हे दोन्ही आत स्पीकरवर खणखणीत आलं. झाकणाच्या फटीतून मला दोन चेहरे दिसत होते. निखिलने स्पीकरकडे बोट दाखवलं. मेघनाने वर माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

“लाजत असतील,” मंदाताई म्हणाल्या. शेजारी जनरेटर धडधडत होता, त्यामुळे दोघी मोठ्यानेच बोलत होत्या.

“आमची मेघना कसली लाजते! सकाळी निघताना म्हणाली, मी नाही म्हणणार आहे. मी म्हटलं, तू नाही म्हण की, मी चौल्ट्री धरून ठेवलीय.”

चौल्ट्री म्हणजे आमच्याकडचं मंगल कार्यालय. मेघनाने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“बरं केलंत,” मंदाताई म्हणाल्या. “आमच्या निखिललाही धक्का दिल्याशिवाय तो हलत नाही. आम्ही बायोडेटात लिहिलंय खरं की मुलाला स्वयंपाकाची आवड आहे, पण खरं सांगू? चहासुद्धा जाळतो.”

आत निखिल कानापर्यंत लाल झाला. मेघना पहिल्यांदा हसली. मग तिने त्याला हळूच काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं आणि दोघं बोलायला लागले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. खरंच नाही. तेवढा वेळ मी कान मेजरसाहेबांकडे लावले, कारण ते मिशा पुसत रणगाड्याकडे येत होते.

“हू आर दोज लेडीज अॅट माय टेलिफोन?”

“सर, ट्रायल.”

“अँड इनसाइड?”

“क्रू आहे, सर.”

“वर्किंग?”

“एका बाजूने एकदम फर्स्ट क्लास, सर.”

मेजर समाधानाने जीपकडे गेले. तेवढ्यात खालून मंदाताईंचा आवाज आला आणि आतलं बोलणं थांबलं.

“एकदा लग्न होऊ दे. सहा महिन्यांत दोघांना पुण्यालाच नेणार आहे मी. फ्लॅट रिकामा पडलाय. तिला काय, तिकडे मिळेल दुसरी नोकरी. नाही मिळाली तरी कुठे अडलंय?”

मेघनाचं हसू विझलं. तिने निखिलकडे बघितलं. तोही स्पीकरकडे असा बघत होता की मला कळलं, ही बातमी त्यालाही नवी आहे.

“अय्यो!” अक्काचा आवाज फाटला. “पुण्याला? तुम्ही तर बेंगळूर म्हणाला होता! आणि नोकरी कुठे अडली म्हणजे? माझी पोरगी रात्रीचा दिवस करून तिथे पोचलीय. कुणाला विचारून सोडायची ती? तिला विचारलंत?”

“तुम्ही चौल्ट्री धरताना विचारलंत?”

अक्काने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला. अंगठा तरीही बटणावर तसाच.

झाकण धाडकन उघडलं. मी वेळेवर पाय उचलला म्हणून वाचलो. मेघना वर आली, शिडीवरून उतरली आणि सरळ दोघींच्या पुढ्यात उभी राहिली. मागे निखिल.

“काकू,” ती मंदाताईंना म्हणाली, “मी पुण्याला येणार नाही. नोकरी सोडणार नाही. आणि आई, चौल्ट्री सोडून दे. आम्ही दोघं आणखी चारपाच वेळा भेटणार आहोत, तुमच्याशिवाय. मग काय ते सांगू. हो तर हो, नाही तर नाही.”

“आणि आई,” निखिल म्हणाला, “चहा एकदाच जळला होता.”

मंदाताईंनी अक्काकडे बघितलं, अक्काने रिसीव्हरकडे. मग तिने बोर्डावरची पिशवी हळूच उचलली आणि बोर्ड वाचला. कन्नडमध्ये एकदा, इंग्रजीत एकदा. वाचून झाल्यावर मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“रघ्या, तुला ठाऊक होतं.”

“अक्का, बोर्ड होता.”

“मग सांगायचं नाही?”

“तू विचारलंस कुठे?”

पुळियोगरे मात्र सगळ्यांनी रणगाड्याच्या सावलीत बसून खाल्लं. डबा उघडल्यावर भांडण टिकत नाही. मंदाताईंनी दोनदा घेतलं आणि कृती विचारली. अक्काने सांगितली, पण एक जिन्नस गाळून. मी तिथेच होतो, गप्प बसलो. दिवसभर गप्पच बसत होतो, त्यात आणखी एकदा.

संध्याकाळी चीफ गेस्टनी रिसीव्हर उचलला, बटण दाबलं, दोन वाक्यं बोलले, सोडलं. आतून उत्तर आलं, टाळ्या पडल्या. मेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी मी पेटीशेजारी पिशव्यांसाठी एक खुंटी ठोकली, पण बोर्डापासून दूर. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. बोर्ड कितीही मोठा लावा, माणूस आपल्याला हवं तेच बटण दाबतो.

अक्का माझ्याशी उगादीपर्यंत बोलली नाही. चौल्ट्री तिने त्याच आठवड्यात सोडली. चिडून सोडली, पण सोडली. मेघना आणि निखिल खूपदा भेटले, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. मग एक दिवस दोघं आपण होऊन घरी आले आणि हो म्हणाले. लग्न बेंगळूरला झालं, संसार बेंगळूरला आहे, नोकरी चालू आहे. पुण्याचा फ्लॅट मंदाताईंनी भाड्याने दिला.

अक्का अजूनही लेकीला रोज फोन करते. सुरुवात तीच. जेवलीस का, केस का कापलेस, गॅस बंद केला का, दादल्याला सर्दी कशी झाली, एकामागून एक, श्वास न घेता. मी शेजारी असलो की बघतो. मध्येच ती थांबते, मोबाइल कानाला घट्ट लावते, उजवा अंगठा उगीचच हवेत उचलते आणि म्हणते,

“हं. सोडलं बटण. आता तू बोल.”