लांब धाग्याचा देश

कोणत्याही देशाचं नाव निघालं की काकाजी आधी चिमूटभर रुई उचलायचे. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायची, डोळ्यांपुढे न्यायची आणि मग निकाल द्यायचा, "रशिया. लांब धागा. त्याच्यात बोलाचं कामच नाई."

राजेहो, हा माणूस आमच्या अकोल्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा पारखी होता आणि मी तिथला कारकून. रुईचा धागा जोखण्याचा त्यांना पगार मिळे; धागा जितका लांब, तितका माल भारी. बुद्धिबळ खेळणाऱ्या देशांची प्रतवारी ते फुकट करत. पेपरात बाहेरच्या सामन्यांच्या चार ओळी आल्या की कात्रण यांच्या खिशात. "युगोस्लाव्हिया, मध्यम धागा पण मजबूत. हंगेरी, साफ माल. अर्जेंटिनाले कमी लेखू नोका."

मी मुद्दाम डिवचायचो, "अन् हिंदुस्थान, काकाजी? खेळ आपल्याकडचा, अन् यादीत आपलंच नाव नाई!"

त्यांची चिमूट थांबायची. "आपलं गाठोडं कोणी सोडलंच नाई, बापा. पाह्यल्याबिगर कसं सांगू?" आणि मग दिवसभर ते माझ्याशी धड बोलत नसत. इतकं लागायचं त्यांना.

गाठोडं न सुटण्याचं कारण साधं होतं. आमच्याकडे चाले देशी डाव. त्यात शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. जगाच्या खेळात राजाला उडीबिडी काही नाही. काकाजींनी चाळिशी उलटल्यावर एक जुनं पुस्तक मिळवून ते नवे नियम गिरवले. हात ऐकेना, म्हणून घरच्या पटावरच्या राजाच्या गळ्यात दोरा बांधला. दोरा बोटाला लागला की उडी आठवायची आणि आवरायची. "लगाम हाय थो," म्हणायचे.

अमरावतीचे एक वकील या नव्या खेळात साऱ्या वऱ्हाडात भारी समजले जात. ते काकाजींना 'देशी वाण', म्हणजे आखूड धाग्याचा कापूस, म्हणत आणि त्यांच्यासमोर बसायलाच तयार नसत.

आणि एका हिवाळ्यात रशियातून कापसाचे जाणकार आमच्या भागात आले. त्यांच्यातला एक धिप्पाड इंजिनिअर आपल्या कारखान्याच्या संघातून बुद्धिबळ खेळणारा निघाला. मग काय विचारता! जठारपेठेतल्या वाचनालयात पाहुण्याने स्वतःचा पट मांडला, वकिलांना बोलावणं गेलं, अर्धं अकोला खिडक्यांना लटकलं. आणि चहा निवायच्या आत वकीलसाहेब हरले.

"आणखी कोणी?" दुभाष्याने पाहुण्याच्या वतीने विचारलं.  मी काकाजींना कोपराने ढोसलं.

"देशी वाण नको हो," वकील दातओठ खात म्हणाले, "गावाची इज्जत जाईल."

काकाजी उठलेच. माझ्या कानाशी म्हणाले, "आपला धागा केवढा हाय, ते तं समजन!"

काय खेळले, राजेहो! दीड तास बरोबरीत. वजीर मारामारीत केव्हाच गेले होते, दोन्हीकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली होती. पाहुण्याचा हत्ती शह द्यायला सरसावला. आणि काकाजींनी मागचापुढचा विचार न करता राजा उचलला आणि घोड्यासारखी उडी मारून ठेवला! परक्याच्या पटावरचा राजा, त्याच्या गळ्यात दोरा कुठला?

कोणीतरी फिसकन हसलं. वकिलांनी कपाळावर हात मारला, "झालं! नाक कापलं!" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाहुणा मात्र दिलदार. दुभाष्याकरवी म्हणाला, चूक झाली, राजा मागे ठेवा, दुसरी कुठलीही चाल करा.

काकाजींचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज हलला नाही. "नाई. हात राजाले लागला, आता राजाच चालन."

राजाला जाण्यासारखं एकच घर मोकळं होतं, तेही पुढे, उघड्यावर. तिथे त्यांनी तो ठेवला. वकिलांनी मान फिरवली. पण पाहुण्याची मान पटावर वाकली ती वर येईना. त्या राजाच्या शेजारीच काकाजींचं एक प्यादं होतं. हत्तींची मारामारी झाली आणि राजा त्या प्याद्याला बोट धरून चालवावं तसा एकेक घर पुढे नेऊ लागला. शेवटून दुसऱ्या घरात प्यादं पोचलं, आता त्याचा वजीर होणार हे दिसलं, तेव्हा पाहुण्याने आपला राजा पटावर आडवा केला, उभा राहिला आणि काकाजींचा हात दोन्ही हातांत घेतला.

वाचनालयाची कौलं उडाली नाहीत एवढंच! मी रडलो, खोटं कशाला सांगू.

पाहुण्याने विचारलं, असे खेळणारे तुमच्याकडे किती?

"त्याले सांगा," काकाजी म्हणाले, "पातूरले माहा मोठा भाऊ हाय. त्याच्याशी मी आजलोक एकबी डाव जिंकलो नाई." हे ऐकून तो रशियन असा हसला की टेबल हललं. आणि सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते आमचे वकीलसाहेब.

रस्त्यात काकाजींनी मला शपथ घातली. "दादाले सांगजो नोको. राजाले उडी नाई तो खेळच नाई, म्हणते तो. नव्या खेळात मी उडी मारून फसलो, हे समजलं तं जलमभर हासन मले." मी सांगितलं नाही. म्हातारा दादा पातूर सोडून कुठे जात नव्हता, त्यामुळे निभावलं.

आठ-नऊ वर्षांनी काकाजी गेले, दोन दिवसांच्या तापाने. तेराव्या दिवशी, तेरवीच्या जेवणाला, मी पातूरला गेलो. मोठे भाऊ माणसांकडे पाठ करून एकटेच खांबाला टेकून बसले होते. मला राहवलं नाही. शपथ मोडली आणि सगळं सांगून टाकलं, उडीसुद्धा.

म्हातारा हसला नाही. "उडी फसली, मंग?"

"मग हात लागला म्हणून राजाच चालवला. अन् जिंकले."

 मोठे भाऊ काठी टेकत उठले. पंगत बसलेली, पानं वाढलेली. त्या भरल्या मांडवात काठी आपटून ओरडले, "अबे, ऐका रे सारे! माह्या लहान्यानं रशियाले हरवलं!"

वाढपी जागच्या जागी थांबले. आणि तेरवीच्या पंगतीत टाळ्या पडल्या.