पापडखारातली मासोळी

गेल्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्यात बोलवा उठली की कलाबाईनं घरात मुडदा ठेवला. पिठाच्या गिरणीवर तो लहान लेकराचा होता. किराणा दुकानदार आवाज खाली आणून म्हणायचा, "मले काही माहीत नाही, पण बाई दर दोन दिवसांनी तीन किलो पापडखार नेते. इतके पापड खाते कोण बे?" बसस्टँडपर्यंत पोचेस्तोवर मुडद्याला मिशा फुटल्या होत्या.

खरं सांगायचं तर ती एक रोहू मासोळी होती. पाऊण किलोची, आठवडी बाजारातली.

कलाबाई बावन्न वर्षांच्या. उडदाचे पापड लाटून विकतात. दहावीला सुटलेलं शिक्षण त्यांनी मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरलं होतं. इतिहासाचं शेवटचं वर्ष होतं आणि नोंदणीची मुदतही त्याच वर्षी संपत होती. आता नापास म्हणजे पदवी गेलीच. प्रकल्पाला त्यांनी जुन्या इजिप्तमधली ममी घेतली. अभ्यासकेंद्रावरच्या जानराव सरांचं कोणतंही वाक्य 'म्हणजे काय की' शिवाय सुरू होत नाही. ते म्हणाले की म्हणजे काय की, पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही, स्वतः करून तोंडी परीक्षेत दाखवा.

कलाबाई वाचत बसल्या. ते लोक देह सुकवायला आटलेल्या तळ्यांचा खार वापरत. त्यात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ. त्या एकट्याच हसल्या. त्यांचे आजोबा पापडासाठी लोणारच्या तळ्याचा खार आणत, तोही याच जातीचा. सगळं सामान तर पापडाच्या फळीवरच होतं.

पहिली मासोळी मात्र बिघडली. देह अखंड हवा म्हणून त्यांनी पोट न चिरताच ती डब्यात पापडखारात पुरली. वरून पापडाच्या पिठावर बसवतात तसं झाकण घट्ट बसवलं. चौथ्या दिवशी मासोळी फुगून फुटली. वास गल्लीभर गेला आणि मुडदाही त्याच वासातून निघाला. घरमालकीण वच्छलाबाईंनी बजावलं की एक तर डबा राहील, नाहीतर तुम्ही. पुन्हा वास आला तर मीच उकिरड्यावर टाकीन, असं कबूल करून कलाबाईंनी परीक्षेपर्यंत मुदत मागून घेतली.

दुसऱ्या वेळी पोट चिरलं. इजिप्तचे लोक यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी वेगळ्या भांड्यांत ठेवत. इथं लोणच्याची एकच बरणी पुरली. काळीज तेवढं जागेवर ठेवलं, कारण मेल्यावर देव ते तराजूत पिसाशी तोलतात अशी इजिप्तवाल्यांची समजूत. खार ओला झाला की फेकायचा, कोरडा भरायचा. असे चाळीस दिवस. रोज सकाळी चहाच्या आधी कलाबाई झाकण उघडून वास घ्यायच्या. वच्छलाबाई दारातून विचारायच्या, "आला का?"

परीक्षेच्या दिवशी सरांनी डबा उघडायच्या आधीच विचारलं, "म्हणजे काय की, कलाबाई, तुम्ही बौद्ध. आत्माच मानत नाही. मग हे काऊन?"

"मी नाही मानत, सर. ते मानत होते. आत्मा फिरून आला तर त्याले आपला देह वळखू आला पाहिजे, म्हणून तोंड तसंच ठेवायचे. पहिल्या मासोळीचं तोंड मलेच वळखू येत नव्हतं. तवा समजलं, ते एवढी खटपट काऊन करत."

 सरांनी लिहून घेतलं आणि डबा ओढला. मासोळी लाकडासारखी कडक झाली होती, डोळे आत गेलेले, पण रोहू ती रोहूच. कलाबाई पास झाल्या. डबा आता अभ्यासकेंद्राच्या कपाटात आहे, पुढच्या वर्गाला दाखवायला.

प्रस्तुत लेखिका वच्छलाबाईंची नात. डबा उघडला की सर नाक दाबतील, अशी तिनं कलाबाईंशी पैज लावली होती. सरांनी नाक दाबलं नाही. डब्यात घातलं, दोनदा, आणि म्हणाले, म्हणजे काय की, वास सुकटीपेक्षा बरा आहे. हरणारीनं पाच किलोचे पापड लाटायचे असं ठरलं होतं. दोन किलो झालेत, मनगट दुखतं, आणि अजून एकही गोल नाही.